वडिलार्जित पोथ्यांचे काय करावे?

वाडवडिलांच्या पोथ्या टाकवत नाहीत व उघडल्याही जात नाहीत, अशी स्थिती पुष्कळ घरांत असते. आजोबांच्या मागे आमच्याकडेही सात बासने राहिली. एकास वाळवी लागली, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "नदीत सोडा." आम्हांस तसे करवेना.

सर्व बासने उलगडून पाहिली. छापील पोथ्या नित्यपाठ करणाऱ्यांस दिल्या. जुनी हस्तलिखिते बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराकडे सोपविली. १९२७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत ती अभ्यासकांच्या दृष्टीस पडतील. आजोबांच्या हातची, गंधाचे बोट उमटलेली एकच पोथी देवघरात ठेविली. बाकीच्या दिल्या, तेव्हाच ती रोज वाचली जाऊ लागली.

न उघडलेले बासन म्हणजे वाळवीचा नैवेद्य होय. वाचकांनी येत्या एकादशीस एक तरी बासन उलगडावे.