मोटारींतील बिनतारी यंत्र आणि त्याची खरखर

ज्या मोटारींत बोलण्याचें व ऐकण्याचें असें दुहेरी बिनतारी यंत्र बसविलेलें असतें, तींत पुष्कळदां एक चमत्कारिक अनुभव येतो. गाडी उभी असतां दूरचा माणूस स्पष्ट बोलतो. इंजिन सुरू होतांच त्याच्या शब्दांवर खरखर पसरते. आणि गाडी वेगानें जाऊं लागली म्हणजे शब्द अजिबात हरवतात. मालक यंत्राला दोष देतो, यंत्र विकणारा गाडीला देतो, आणि मिस्त्री एखादी तार बदलून आपले पैसे घेऊन मोकळा होतो. वस्तुतः ही खरखर म्हणजे पदार्थविज्ञानाचा एक उत्तम पाठ आहे, व तो आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजण्याजोगा असल्यामुळें येथें देत आहें.

नाशिककरांस हा विषय परका नाहीं. सिंहस्थांत पोलिसांच्या व रुग्णसेवेच्या गाड्या रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत पसरलेल्या असतात. लाखों लोक एकाच वेळीं मोबाइल फोन कानाला लावतात तेव्हां त्याचीं जाळीं तुंबतात, आणि मग बिनतारीचाच आधार उरतो. ता. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशकांत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसें प्राणास मुकलीं. त्या अनर्थाचें कारण बिनतारींत शोधावयाचें नाहीं. परंतु “लोंढा थांबवा” हे दोन शब्द अशा प्रसंगीं ऐकूं येणें आणि न येणें यांत केवढें अंतर असेल, याची कल्पना त्यावरून करतां येते.

आतां खरखरीच्या मुळाकडे वळूं. हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७ सालीं विद्युच्चुंबकीय लहरी उत्पन्न केल्या त्या ठिणगी पाडून. बिनतारी तारायंत्रेंही आरंभीं ठिणगीवरच चालत. पेट्रोलच्या इंजिनांत हेंच घडतें. इग्निशन कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टांपासून कित्येक हजार व्होल्टांचा दाब निर्माण करते, प्लगच्या फटींत ठिणगी पडते, आणि प्लगकडे जाणारी तार एरियलप्रमाणें त्या लहरी चोहोंकडे फेंकते. म्हणजे प्रत्येक पेट्रोलची मोटार हर्ट्झची प्रयोगशाळा घेऊनच रस्त्यानें धांवत असते! चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात. इंजिन मिनिटास ७५० फेरे करीत असेल तर सेकंदास २५ ठिणग्या, आणि ३,००० फेरे करीत असेल तर १००. म्हणून उभ्या गाडींत सुटी टिकटिक ऐकूं येते व वेग वाढला कीं तिचीच गुरगुर होते. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.

परंतु डिझेलच्या गाडींत ठिणगीचे प्लग नसतात, तरी ती गाडीही कण्हतेच. तेथें अपराधी निराळा. बॅटरी भारणारा आल्टर्नेटर प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो. डायोड त्यास एका दिशेस वळवितात. पण तो अगदीं सपाट होत नाहीं, त्यावर बारीक लाटा राहतात. त्या लाटा तारेंतून यंत्रांत शिरतात व शिट्टीसारखा आवाज देतात. इंजिनाचा वेग वाढला कीं शिट्टीचा सूर चढतो. एखादा डायोड जळाला असला तर शिट्टी फारच मोठी होते, आणि अशा वेळीं यंत्रांत कितीही गाळण्या बसविल्या तरी उपयोग नाहीं, आल्टर्नेटरच दुरुस्त केला पाहिजे. तिसरा अपराधी अलीकडचा: फोन भारण्याचा स्वस्त चार्जर, किंवा हलक्या प्रतीचा एल.ई.डी. दिवा. यांच्या आंत प्रवाह सेकंदास हजारों वेळां तोडला व जोडला जातो. यांचा सूं-सूं आवाज इंजिन बंद असतांही चालूच राहतो, आणि त्यावरूनच तो ओळखावा.

येथें परीक्षेची रीत आली. उपाय शोधण्यापूर्वीं उपद्रव कोणत्या वाटेनें आंत येतो हें ठरवावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन तारा व एक गाळणी एकदम बदलून खरखर गेली तर आनंद होतो खरा, परंतु कशानें गेली हें कधींच कळत नाहीं. प्रथम यंत्रापासून एरियलची तार सोडवावी. (तसें असतां बोलण्याची कळ चुकूनही दाबूं नये, यंत्राचा अंतिम भाग जळण्याचें भय असतें.) खरखर थांबली तर ती हवेंतून एरियलच्या द्वारें येत होती, न थांबली तर बहुधा बॅटरीच्या तारेनें येत आहे. यंत्र निराळ्या बॅटरीवर चालवून पाहिलें म्हणजे या दुसऱ्या गोष्टीची खात्री पटते. मग गाडी मोकळ्या हवेंत उभी करून, गिअर काढून व हातब्रेक लावून, इंजिनाचा वेग वाढवावा आणि एकदम किल्ली फिरवून तें बंद करावें. टिकटिक तत्क्षणीं थांबली तर ती ठिणगीची. शिट्टी सूर उतरवीत हळूहळू विरली तर आल्टर्नेटरची. हा प्रयोग चालत्या गाडींत कदापि करूं नये, कारण इंजिन बंद पडतांच स्टिअरिंग व ब्रेक जड होतात. चालू इंजिनाच्या प्लगच्या तारा हातानें ओढूं नयेत, हें तर सांगावयासच नको.

उपाय साधे आहेत. यंत्राच्या दोन्ही तारा सिगारेट-सॉकेटांतून न घेतां जाड घ्याव्या, सरळ बॅटरीपासून आणाव्या, व बॅटरीजवळच फ्यूज घालावा. ठिणगीसाठीं अंतर्गत रोध असलेले प्लग व तारा मिळतात. चार्जर काढून टाकावा. पण माझ्या मतें या सर्वांहून महत्त्वाचें आणि सर्वांत दुर्लक्षिलेलें काम म्हणजे चांगलें अर्थिंग. एरियलच्या बैठकीखालीं रंग किंवा गंज असला तर पत्र्याशीं खरा संबंध जुळतच नाहीं. तेथें पत्रा घासून स्वच्छ करावा. बॉनेट व धुराड्याची नळी हीं बिजागऱ्यांवर किंवा रबरावर असल्यामुळें विद्युत्दृष्ट्या अर्धवट सुटीं असतात व स्वतःच एरियल बनतात. तीं रुंद विणलेल्या तांब्याच्या पट्टीनें मुख्य पत्र्यास जोडावीं.

उलट दिशेचाही विचार केला पाहिजे. बोलण्याची कळ दाबतांच घड्याळांचे कांटे उड्या मारतात, धोक्याचा दिवा लागतो, कधीं इंजिन अडखळतें. कारण अलीकडच्या मोटारींत इंजिनाचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीकडे असतो आणि २५ वॅटच्या लहरी तिच्या तारांत शिरतात. अशा वेळीं एरियल छताच्या मध्यभागीं न्यावें. हौशी बिनतारीच्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें २ मीटर ७ सेंटिमीटर. तिचा चतुर्थांश म्हणजे सुमारें ५२ सेंटिमीटरची काठी, आणि छताचा पत्रा तिची जमीन होते. एरियलची तार इंजिनाच्या तारांशीं समांतर नेऊं नये, आणि तिच्यावर यंत्राजवळ फेराइटचीं कडीं चढवावीं.

पोलिसांच्या मोटारींनीं हा उपद्रव फार पूर्वीं भोगला. अमेरिकेंत डेट्रॉइट शहरीं १९२८ सालीं मोटारींत केवळ ऐकण्याचीं यंत्रें होतीं. बेयॉन गांवीं १९३३ सालीं दुहेरी यंत्रें आलीं. आणि १९४० सालीं कनेक्टिकटच्या पोलिसांनीं एफ.एम. पद्धति स्वीकारली, जिच्यावर ठिणगीच्या आघातांचा परिणाम पुष्कळ कमी होतो. तथापि संदेश दुर्बळ असला कीं तिचेंही कांहीं चालत नाहीं. अंजनेरीच्या आड गेलेल्या गाडीची अडचण तीच. उपद्रव तेवढाच असतो, संदेश मात्र क्षीण होतो.

क्षीण संदेश ऐकावयाचा तर आधीं जवळचा गलबला थांबविला पाहिजे, याचें मोठें उदाहरण आपल्या पुण्याच्या वाटेवरच आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ती जागा निवडण्याचें एक कारण, तेथें माणसानें केलेला विद्युत्-गोंगाट कमी होता. एलीयाला वादळानंतर ऐकूं आलेल्या त्या मंद वाणीची येथें आठवण होते.

दुरुस्तीची परीक्षा शहराच्या मध्यभागीं घेऊं नये. तेथें संदेश बळकट असल्यामुळें वाईट यंत्रही चांगलें भासतें. त्र्यंबकच्या रस्त्यानें, जेथें शब्द जेमतेम पोहोंचतो तेथवर गाडी न्यावी, इंजिन बंद ठेवून व सुरू करून दोन्ही वेळां ऐकावें, आणि काय ऐकलें तें तारखेसह वहींत लिहावें. आपल्याकडचा पावसाळा अर्थिंगाचा वैरी आहे. दसऱ्याच्या सुमारास सर्व जोड उघडून पुन्हां घासून घ्यावे.