आधी परवानग्या, मग ब्लॉकर

पोरी, सुट्टीत घरी गेलीस की तुझ्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा फोन हातात घेशील आणि लगेच अ‍ॅड ब्लॉकर टाकायला बसशील. ते दुसरं काम. पहिलं काम म्हणजे जाहिरात येते कुठून, ते बघायचं. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला’ म्हणत वरून जी पट्टी खाली येते ना, ते बहुतेक वेळा एखाद्या साइटचं नोटिफिकेशन असतं, आणि त्याला परवानगी तुझ्या आईनेच दिलेली असते. पंचांग नाहीतर पाककृती वाचताना मध्येच ‘अलाउ’ विचारलं, पान दिसावं म्हणून तिनं दाबलं. एकदा परवानगी गेली की ब्लॉकरचा इथे सहसा उपयोग नाही. क्रोममधले तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे साठलेली सगळी नावं काढ आणि वरचं बटणही बंद कर. ताईला कुठल्याही साइटकडून वर्दी यायची गरज नाही.

काही उघडलेलं नसताना स्क्रीनभर जाहिरात आली, तर दोष एखाद्या अ‍ॅपचा. घाईने बंद करू नको. जाहिरात समोर असतानाच नुकती वापरलेली अ‍ॅप दाखवणारं बटण दाब. त्या खिडकीवर ज्याचं चिन्ह असेल ते बहुधा गुन्हेगार. टॉर्च, ‘क्लीनर’, वॉलपेपर, असलंच काहीतरी निघतं. टॉर्च फोनमध्ये मुळातच असतो. ते अ‍ॅप काढून टाक.

जाहिरातीतल्या फुलीवर मात्र बोट ठेवायचं नाही, हे ताईला पुन्हा पुन्हा सांग. ती फुली अनेकदा चित्राचाच भाग असते. मागे जायचं, नाहीतर तो टॅबच बंद करायचा.

आता तू म्हणशील, मामा, जन्मभर वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात बसलात आणि आता जाहिराती अडवायला शिकवता! शिकवतो. आमच्याकडे कॉलम सेंटिमीटरनं जागा विकली जायची आणि विकली तेवढीच मिळायची. बातमीसारखी दिसणारी जाहिरात असली तर ‘जाहिरात’ हा शब्द छापायचा. विमान कंपनीची जाहिरात आणि शेजारी विमान अपघाताची बातमी असं पान लागलं, की रात्री धावपळ व्हायची आणि जाहिरात दुसऱ्या पानावर जायची. गंमत म्हणजे इंटरनेटवरच्या पॉप-अपचा जन्म अशाच अडचणीतून झाला. अमेरिकेत ट्रायपॉड नावाच्या साइटवर एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील पानावर झळकली आणि कंपनी भडकली. तेव्हा तिथे काम करणाऱ्या एथन झुकरमन यांनी तोडगा काढला: जाहिरात पानावर नकोच, वेगळ्या खिडकीत उघडू दे. त्याबद्दल त्यांनी 2014 मध्ये लेख लिहून माफी मागितली. आम्ही जाहिरात हलवायचो. ती वाचकाच्या तोंडासमोर धरायची कल्पना आम्हाला सुचली नाही, हे आमचं नशीब.

ब्लॉकरचं सांगतो. संगणकावर फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, एवढं पुरे. नाव नीट वाच, ‘ओरिजिन’ हवंच. नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाचं निराळं प्रकरण आहे. ओरिजिन बनवणारे रेमंड हिल देणग्यासुद्धा घेत नाहीत. क्रोममध्ये ओरिजिन आता चालत नाही. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, आणि 2024 पासून ते तिथे टप्प्याटप्प्याने बंद पडत गेलं. त्याचं ‘लाइट’ रूप मिळतं, ते ठीक आहे, पण हात बांधलेलं. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचाच ब्राउझर, तेव्हा आश्चर्य वाटायला नको. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शन टाकायची सोयच नाही, फायरफॉक्समध्ये आहे. आणि दोन-दोन ब्लॉकर टाकू नको, ते एकमेकांच्या पायात पाय घालतात.

अ‍ॅपमधल्या जाहिरातींसाठी अँड्रॉइड 9 पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा. तिथे जाहिराती गाळणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव भरलं, अ‍ॅडगार्डचं समज, की जाहिरात पाठवणाऱ्यांचे पत्तेच फोनला सापडत नाहीत. यूट्यूबच्या जाहिराती याने जाणार नाहीत, कारण त्या व्हिडिओ येतो तिथूनच येतात. स्टेशनवरचं वायफाय किंवा बँकेचं अ‍ॅप अडून बसलं तर हे थोडा वेळ बंद करायचं, हेही ताईला दाखवून ठेव. नाहीतर तिला वाटेल फोन बिघडला.

एक पथ्य. ज्या वर्तमानपत्राची, मासिकाची साइट तू रोज वाचतेस आणि वर्गणी भरत नाहीस, तिच्यापुरता ब्लॉकर बंद ठेव. एका क्लिकचं काम आहे. तिथे बातमी लिहिणाऱ्याचा पगार त्यातून निघतो. पण पान उघडल्यावर आपोआप आवाज करणारा व्हिडिओ लागला, तर ही सवलत रद्द. अ‍ॅडब्लॉक प्लस या दुसऱ्या ब्लॉकरने 2011 पासून ‘स्वीकारार्ह जाहिराती’ गाळणीतून सोडायला सुरुवात केली. कल्पना वाईट नव्हती, पण अशा सोडलेल्या जाहिरातींच्या यादीत राहण्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून ते पैसे घेतात. सोडायचं कोणाला हे मी स्वतः ठरवीन, पैसे घेऊन दुसऱ्याने ठरवायला नको.

सगळ्यात घातक जाहिरात दिसायला सगळ्यात साधी असते. बँकेचा किंवा गॅसवाल्याचा ‘कस्टमर केअर’ नंबर गूगलवर शोधला की वर ‘प्रायोजित’ असं बारीक लिहिलेले निकाल येतात, आणि त्यात भामट्याचा नंबर असू शकतो. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शोधातल्या अशाच फसव्या जाहिरातींमुळे लोकांना शोध घेताना अ‍ॅड ब्लॉकर वापरायला सांगितलं होतं. त्यामुळे ताईनं असा नंबर शोधायचाच नाही. बँकेचा डेबिट कार्डाच्या मागे असतो, गॅसचा पुस्तकावर. ते तू तिच्या फोनमध्ये नावानिशी भरून दे, आणि सोबत 1930 सुद्धा. ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे गेल्यावर तिथे जितक्या लवकर फोन होईल, तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.