पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी प्रत्येकाला एकेक विषय दिला. कुणाला पाऊस मिळाला, कुणाला बैलपोळा, कुणाला आपली विहीर. मला ‘पुस्तकातला चौकोन’ हा विषय मिळाला. मी हिरमुसले. चौकोनावर काय लिहायचे? चार बाजू नि चार कोपरे, संपला निबंध. पण बाई म्हणाल्या, “तुमच्या घरी या चौकोनावरूनच भांडण झालं ना? मग तूच लिही.” ते खरेच होते. म्हणून ही माहिती मी लिहीत आहे.

आमच्या घरी काय झाले

आपल्या पाठ्यपुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक लहान चौकोन छापलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. मोबाईलमध्ये दीक्षा नावाचे ॲप असते. त्याने हा चौकोन टिपला, की त्या पाठाची चित्रफीत नाहीतर प्रश्न उघडतात.

गणपतीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. बाईंनी फुलपाखराचा पाठ शिकवला आणि घरी चौकोन टिपून चित्रफीत पाहून या, असे सांगितले. रात्री जेवणे झाल्यावर मी आप्पांचा मोबाईल घेतला आणि पुस्तकावर धरला. तोच आप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, “खबरदार चौकोनाला मोबाईल लावलास तर! काकाचं काय झालं, विसरलीस व्हय?”

आमच्या काकांना एक शेळी विकायची होती. एका अनोळखी माणसाचा फोन आला. तो म्हणाला, “शेळी पसंत आहे. पैसे आत्ताच पाठवतो. मी एक चौकोन पाठवलाय तो टिपा आणि पिन दाबा, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात पडतील.” काकांनी तसे केले. पैसे आले तर नाहीतच, उलट काकांच्या खात्यातले ४,००० रुपये गेले. त्या पैशांचे खत आणायचे होते. काकू फार रडल्या. तेव्हापासून आमच्या घरात चौकोन म्हणजे चोर असे झाले आहे.

दुसऱ्या दिवशी अभ्यास न केलेल्यांत मी एकटी उभी राहिले. मला रडू आले. मी बाईंना सगळे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर एक पत्राचे पाकीट काढले, त्यावर पत्ता लिहिला आणि विचारले, “हा पत्ता चांगला की वाईट?” आम्ही गप्प. मग बाई म्हणाल्या, “पत्ता चांगला नसतो नि वाईटही नसतो. पत्ता फक्त कुठं जायचं ते सांगतो. चौकोनही तसाच. तो ठिपक्यांत लिहिलेला मजकूर असतो. बहुतेक वेळा तो पत्ताच असतो. पुस्तकातला चौकोन पाठाकडं नेतो. दुकानातला चौकोन दुकानदाराच्या खात्याकडं नेतो. चोराचा चौकोन चोराकडं नेतो. निघायच्या आधी पत्ता वाचायचा.”

ही गोष्ट मला पटली. मग मी चौकोनाची बाकीची माहिती बाईंना विचारून विचारून घेतली.

चौकोन आला कुठून?

हा चौकोन जपान देशात १९९४ साली तयार झाला. डेन्सो नावाच्या कंपनीतले मासाहिरो हारा यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो बनवला. शाळेसाठी नाही, पैशांसाठीही नाही, तर मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्याआधी खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड असत. बिस्किटाच्या पुड्यावर अजूनही असतात, घरी गेल्यावर पाहा. त्या रेघांत वीसेक अक्षरेच मावत. म्हणून एकेका खोक्यावर पुष्कळ बारकोड लावावे लागत आणि कामगार ते वाचून वाचून थकून जात.

हारा यांना गो हा खेळ आवडत असे. त्यात चौकटीच्या पाटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या मांडतात. त्यावरून त्यांना सुचले, की माहिती आडवीही लिहावी आणि उभीही लिहावी. त्यामुळे एका मोठ्या चौकोनात सुमारे ७,००० अंक मावू लागले. क्यूआर म्हणजे क्विक रिस्पॉन्स, म्हणजे झटपट उत्तर. कंपनीने तो चौकोन सगळ्या जगाला फुकट वापरू दिला. म्हणून तो आज दुकानातही आहे आणि आपल्या दप्तरातही आहे.

ठिपक्यांचे गणित

चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकटी असतात. चौथ्या कोपऱ्यात नसते. मोबाईलला या तीन चौकटींवरून कळते, की इथे चौकोन आहे आणि त्याची वरची बाजू कोणती. म्हणून पुस्तक उलटे धरले तरी चालते. मी धरून पाहिले.

त्या चौकटीच्या मधोमध आडवी पट्टी धरा. १ ठिपका काळा, १ पांढरा, ३ काळे, १ पांढरा, १ काळा. बेरीज ७. ही मापे उगीच घेतलेली नाहीत. हारा यांच्या सोबत्यांनी वर्तमानपत्रे, मासिके असे पुष्कळ छापील कागद तपासले आणि काळ्या-पांढऱ्याचे जे प्रमाण छपाईत सर्वांत कमी सापडते ते निवडले. कारण नेहमीच्या अक्षरांत ते प्रमाण सापडले असते तर यंत्र फसले असते.

सगळ्यात लहान चौकोनात एका ओळीत २१ ठिपक्यांची जागा असते. २१ ओळी, प्रत्येकीत २१. म्हणजे २१ × २१ = ४४१. त्याच्या पुढचे चौकोन प्रत्येक वेळी चार-चारने वाढतात. २१, २५, २९, ३३ असे करत करत १७७ पर्यंत. एकूण ४० आकार आहेत.

मी बाईंचे भिंग घेऊन आमच्या पुस्तकातल्या एका चौकोनाची एक ओळ मोजली. पहिल्यांदा २८ आले. दुसऱ्यांदा ३० आले. मी म्हटले, आता काय करायचे? बाई म्हणाल्या, “चार-चारने वाढणारे आकडे आठव. २८ त्यात आहे का? ३० आहे का?” नव्हते. जवळचा आकडा होता २९. तिसऱ्यांदा टाचणीच्या टोकाने एकेक ठिपका मोजला तेव्हा २९ च आले. मला फार आनंद झाला.

मळलेला चौकोन

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या पुस्तकावर कालवण सांडले होते. तिच्या चौकोनाचा थोडा भाग पिवळा नि काळपट झाला होता. तरी तो उघडला. मग आम्ही मधल्या भागावर कागदाचा बारीक कपटा ठेवला. तरी उघडला. मग कोपऱ्यातली ठळक चौकट झाकली. आता मात्र उघडेना.

याचे कारण असे, की चौकोनात नुसता मजकूर नसतो. मजकुराबरोबर थोडा जादा हिशोबही भरलेला असतो. काही ठिपके गेले, तर त्या हिशोबावरून ते शोधून काढता येतात. जसे आपल्याला ७ + ☐ = १२ असे दिले तर आपण रिकाम्या चौकटीत ५ लिहितो, तसे. असा हिशोब भरण्याचे चार प्रकार आहेत. सगळ्यात भक्कम प्रकारात शंभरातला तीसएक भाग गेला तरी चौकोन वाचता येतो. पण म्हणून पुस्तकावर कालवण सांडू नये.

आपल्या पुस्तकात तो कसा आला

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तिथली शाळाही आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची आहे. त्या शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले गुरुजींनी मुलांच्या पुस्तकांना असे चौकोन जोडले. ते टिपले की कविता ऐकू यायच्या, पाठ पाहता यायचे. पुढे सरकारने पाठ्यपुस्तकांत चौकोन छापायचे ठरवले. २०२० साली डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ हा जगातला मोठा पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर होती. त्यातली निम्मी त्यांनी शेवटच्या फेरीत आलेल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. बाईंनी हे सांगितले तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

दीक्षा ॲप २०१७ साली सुरू झाले. ते फुकट आहे. चौकोनाखाली सहा अक्षरांचा एक शब्द छापलेला असतो. त्याचा अर्थ काही लागत नाही, पण मोबाईलचा कॅमेरा बिघडला असेल तर ती सहा अक्षरे दीक्षात लिहिली तरी पाठ उघडतो. आपल्या शाळेत रेंज फक्त चिंचेखाली येते. म्हणून बाई पाठ आधीच घरी उतरवून आणतात आणि वर्गातल्या टीव्हीला मोबाईल जोडून दाखवतात. लाईट गेली तर मात्र खडू-फळा आहेच. लाईट आमच्याकडे पुष्कळदा जाते.

चित्रफीत आणि लिंबाचे झाड

फुलपाखराची चित्रफीत मी शेवटी वर्गात पाहिली. अंडे, अळी, कोश, फुलपाखरू, सगळे दोन मिनिटांत झाले. कोश फाटून ओले फुलपाखरू बाहेर येते, ते इतके जवळून दिसले, की आम्ही श्वास रोखून बसलो. असे नुसत्या डोळ्यांनी दिसले नसते.

पण बाईंनी टीव्ही बंद केला आणि आम्हांला शाळेमागच्या लिंबाच्या झाडाकडे नेले. तिथे पानांवर अळ्या होत्या. लहान अळ्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसत होत्या. तशा दिसल्या म्हणजे पाखरे त्यांना खात नाहीत. मोठ्या अळ्या हिरव्यागार होत्या. पुढे दोन कोश झाले. आम्ही रोज प्रार्थनेनंतर जाऊन पाहायचो. चित्रफितीत दोन मिनिटे, आणि इथे नऊ दिवस लागले. नवव्या दिवशी एका कोशातून फुलपाखरू निघाले. दुसरा कोश काळा पडला आणि त्यातून काहीच आले नाही. चित्रफितीत हे दाखवले नव्हते. मी माझ्या वहीत दोन्ही कोशांची चित्रे काढली.

तेव्हा मला समजले, की चौकोन आपल्याला पाठाच्या दारापर्यंत नेतो. तिथून पुढे आपणच पाहायचे, मोजायचे आणि वहीत लिहायचे.

आप्पांनी काय केले

महिन्याच्या शेवटी पालकसभा झाली. बाईंनी मला पुढे बोलावले. मला फार भीती वाटत होती, कारण आप्पा मागच्या रांगेत बसले होते. पण मी पाकिटाची गोष्ट सांगितली. मग म्हणाले, “पैसे घेताना पिन लागत नाही. पिन लागतो तो आपले पैसे देताना, नाहीतर शिल्लक पाहताना. पैसे येणार आहेत, पिन दाबा असं कुणी म्हटलं, तर तो खोटं बोलतोय असं समजा.” बाईंनी त्यात भर घातली, की कुणी फसलेच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या सरकारी नंबरावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

घरी जाताना आप्पा वाटेत काही बोलले नाहीत. काकांना हा नंबर माहीत नव्हता. आम्हांलाही नव्हता. ते लाजेने आठ दिवस कुणाला काही बोललेच नव्हते. घरी आल्यावर आप्पांनी १९३० हा आकडा खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहिला. रात्री जेवण झाल्यावर मला म्हणाले, “आण तुझं पुस्तक. पण आधी कुठं चाललाय ते मोठ्यानं वाच.” मी दीक्षा उघडले, चौकोन टिपला आणि पाठाचे नाव मोठ्याने वाचले. आज्जीसुद्धा येऊन बसली. तिने फुलपाखरू पाहिले आणि विचारले, “ह्ये दुसरं का काळं पडलं नाही गं, तुझ्या शाळंतल्यासारखं?” मी म्हटले, “आज्जे, म्हणून तर झाडही बघायचं.”

आता रोज रात्री अर्धा तास मोबाईल माझा. अर्धा तास झाला की आप्पा परत घेतात. काका अजून चौकोनाला हात लावत नाहीत. पण परवा त्यांनी मला विचारले, “पैसे घ्यायला पिन लागत नाही, म्हणालीस ना?” मी हो म्हटले.

लक्षात ठेवा

१. चौकोन म्हणजे पत्ता. आधी वाचा, मग जा.
२. पुस्तकातला चौकोन दीक्षा ॲपमधूनच टिपा. तिथे पैसे लागत नाहीत.
३. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा.
४. मोठ्यांना शेजारी बसवून चित्रफीत पाहा.
५. जे पाहिले ते वहीत लिहा, आणि जमेल तर बाहेर जाऊन खरे पाहा.

करून पाहा

१. तुमच्या पुस्तकातल्या चौकोनाची एक ओळ मोजा. तुमचा आकडा २१, २५, २९, ३३ यांत बसतो का?
२. एका ओळीत २५ ठिपक्यांच्या जागा असतील, तर सगळ्या मिळून किती? (उत्तर भित्तिपत्रकाच्या पुढच्या अंकात.)

माझ्या लेखात काही चुकले असेल तर मोठ्यांनी सांगावे.

— इयत्ता ४ थी, हजेरी क्रमांक १४