विश्वकिरणांचा वेध : आकाश, जमीन आणि खाण

आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत. विज्ञानाच्या विषयावर लेखणी उचलण्याचा अधिकार आम्हाला किती, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही निवडला, त्याला एका विद्यार्थ्याचा प्रश्न कारणीभूत आहे. आपल्या वसमतशेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी प्रयोगशाळा उभी राहणार आहे. २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. त्याविषयी वर्गात बोलत असता मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, असल्या कामात आपल्यासारख्यांचे काय काम असते?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला एकदम देता आले नाही. ते शोधताना आम्ही आपल्या देशातील विश्वकिरण-संशोधनाच्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोचलो.

विश्वकिरण म्हणजे काय?

'किरण' हा शब्द येथे थोडा फसवा आहे. विश्वकिरण हे मुख्यत्वे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे सूक्ष्म कण आहेत. त्यांत बहुसंख्य प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनची अणुकेंद्रे असतात. काही हीलियमची, तर थोडी लोहापर्यंतच्या जड मूलद्रव्यांची अणुकेंद्रे असतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी शास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. बंद पात्रातील विद्युत्‌भारित उपकरणाचा भार आपोआप कमी होत असे. जमिनीतील किरणोत्सारी पदार्थ त्याला कारण असावेत, असा समज होता. तो खरा असेल तर जमिनीपासून दूर जाताना परिणाम घटला पाहिजे. व्हिक्टर हेस यांनी हा समज तपासून पाहिला. ७ ऑगस्ट १९१२ रोजी बलूनमधून ते ५ किलोमीटरहून अधिक उंचीवर गेले आणि तेथे परिणाम घटण्याऐवजी स्पष्टपणे वाढलेला आढळला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशीही त्यांनी उड्डाण केले होते. ग्रहणातही हे प्रारण कमी झाले नाही. अर्थात त्याचा उगम सूर्यात नव्हता. ते अधिक दूरून येत होते. ज्या ग्रहणाच्या दिवशी आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत चूल पेटत नाही, त्या दिवशी एका माणसाने मोजमाप करून एक समज खोडून काढला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. १९३६ साली हेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जमिनीवरूनच वेध का?

कमी ऊर्जेचे विश्वकिरण पुष्कळ येतात. बलूनवर किंवा उपग्रहावर लहानसे उपकरण ठेवूनही ते मोजता येतात. परंतु ऊर्जा वाढत जाते तशी त्यांची संख्या झपाट्याने घटते. एकावर पंधरा शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एका चौरस मीटरवर वर्षाकाठी एखादाच कण येतो. एकावर वीस शून्ये एवढ्या ऊर्जेचा कण तर एका चौरस किलोमीटरवर सुमारे शंभर वर्षांत एकदा येतो. एवढ्या विस्ताराचे उपकरण आकाशात पाठविता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी वातावरणालाच उपकरण बनविले.

असा कण वातावरणात शिरला की हवेतील नायट्रोजन वा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळतो. त्या आघातातून नवे कण निर्माण होतात, ते पुढे आणखी कणांना जन्म देतात. एकाचे दोन, दोनाचे चार अशी ही वाढ होत जमिनीपर्यंत लाखो कणांचा लोंढा पोहोचतो. यास 'कणवर्षाव' म्हणता येईल. इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांची ही साखळी कशी वाढते, याचे गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली मांडले. त्यानंतर वर्षभरातच पिएर ओजे यांनी परस्परांपासून दूर ठेवलेल्या उपकरणांत एकाच क्षणी कण येतात, हे दाखवून असे विस्तीर्ण वर्षाव खरोखरच होतात याचा पुरावा दिला.

वर्षाव मोजायचा तर सर्व जमीन उपकरणांनी झाकावी लागत नाही. आपल्या वसमतच्या बाजारात हळदीचा भाव ठरविताना संपूर्ण पोते कोणी उपसत नाही. नमुन्यावरून मालाची पारख होते. तसेच येथे घडते. तमिळनाडूतील उटी येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० मीटर उंचीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'ग्रेप्स-३' हा प्रयोग चालतो. जपानमधील शास्त्रज्ञही त्यात सहभागी आहेत. तेथे सुमारे २५,००० चौरस मीटर क्षेत्रात, एकमेकांपासून ८ मीटर अंतरावर, प्रत्येकी १ चौरस मीटरचे सुमारे ४०० शोधक मांडलेले आहेत. म्हणजे जमिनीचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग व्यापून सगळ्या वर्षावाचा अंदाज घेतला जातो. या शोधकांत एक विशिष्ट प्लास्टिक असते. त्यातून विद्युत्‌भारित कण गेला की क्षीण प्रकाश चमकतो आणि त्याची विद्युत् नोंद होते. नोंदींच्या एकूण प्रमाणावरून मूळ कणाची ऊर्जा ठरविता येते.

दिशा कशी कळते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवून पाहावे. कणांचा लोंढा एका पातळ चकतीसारखा, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने खाली येतो. तो सरळ डोक्यावरून आला तर सर्व शोधक एकाच वेळी चमकतात. तिरपा आला तर आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे. समजा, चकती उभ्या दिशेशी ३० अंशांचा कोन करून आली. ८ मीटर अंतरावरील दोन शोधकांपैकी दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास तिला ४ मीटर अधिक जावे लागेल. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. म्हणून दोन्ही नोंदींत सुमारे १३ नॅनोसेकंदांचा फरक पडेल. एवढा सूक्ष्म फरक मोजून आकाशातील दिशा निश्चित केली जाते.

उटीला याखेरीज ५६० चौरस मीटरची म्युऑन-दुर्बीण आहे. म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, परंतु सुमारे दोनशेपट जड कण होय. जाड काँक्रीटच्या थरातून इलेक्ट्रॉन पार होत नाहीत, म्युऑन होतात. म्हणून काँक्रीटखाली ६ मीटर लांबीच्या ३७१२ पोलादी नळ्या चार थरांत रचल्या आहेत. म्युऑनांच्या संख्येवरून मूळ कण हलका प्रोटॉन होता की लोहासारखे जड केंद्र, याचा अंदाज येतो. १ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर वादळी ढग आले असता म्युऑनांची संख्या घटलेली आढळली. त्या घटीवरून ढगातील विद्युत् दाब सुमारे १३० कोटी व्होल्ट होता, असे अनुमान २०१९ साली प्रसिद्ध झाले. वीज पडून दरवर्षी मराठवाड्यात शेतकरी आणि गुरे दगावतात. विजेच्या ढगाचे अंतरंग जाणणे हा आपल्यासाठी केवळ पुस्तकी विषय नव्हे.

कोलारची खाण

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे वळतो. म्युऑन किती खोल जातात हे पाहण्यासाठी भाभांच्या संस्थेतील बी. व्ही. श्रीकंठन यांनी १९५१ पासून कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत मापने सुरू केली. पुढे अतिशय खोलवर उपकरणे नेली असता कित्येक आठवड्यांत एकही म्युऑन नोंदला गेला नाही. ते अपयश नव्हते. इतक्या निःशब्द जागी न्यूट्रिनो हा जवळजवळ कशालाही न अडखळणारा कण शोधता येईल, हे त्यातून उमगले. १९६५ साली सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर भारतीय, जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या गटाला विश्वकिरणांमुळे वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या. त्याच सुमारास फ्रेडरिक राइनेस यांच्या गटालाही असेच यश मिळाले, तेही दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत.

या दोन खाणी कोणी खणल्या? दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाखाली भरडल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मजुरांनी. कोलारमध्ये मुख्यत्वे तमिळ प्रदेशातून आलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मजुरांनी. तळाच्या खडकाचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाई. खडक फुटून माणसे दबत; दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होत. त्याच वस्तीतील लोकांनी आत्मसन्मानाचा मार्गही शोधला होता. पंडित अयोतीदास यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. त्याची एक शाखा कोलारच्या खाण-वसाहतीतील मारिकुप्पम येथे होती. डॉ. बाबासाहेबांच्या १९५६ च्या धम्मक्रांतीपूर्वी कित्येक दशके तेथील खाणकामगार बुद्धाकडे वळले होते.

शोधनिबंधांवर शास्त्रज्ञांची नावे आहेत आणि ती असलीच पाहिजेत. पण ज्या विवरातून उपकरणे खाली गेली, ते खणणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत. २००१ साली खाण बंद पडली. सोने संपत आले, न्यूट्रिनोचा शोध ग्रंथांत गेला, आणि कामगारांची वस्ती मागे राहिली.

नाव न उरणे केवळ मजुरांच्याच वाट्याला येत नाही. बिभा चौधुरी या विदुषीने १९३८ नंतरच्या काळात देबेंद्रमोहन बोस यांच्यासमवेत दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणी छायाचित्रण-पट्टिकांवर विश्वकिरणांचे माग टिपले. युद्धामुळे उत्तम प्रतीच्या पट्टिका मिळेनात आणि काम अपुरे राहिले. त्याच पद्धतीने सिद्ध झालेल्या संशोधनाबद्दल १९५० चे नोबेल सेसिल पॉवेल यांना मिळाले. पुढे बिभा चौधुरींनी मँचेस्टरला कणवर्षावांवरच प्रबंध लिहिला, भाभांच्या संस्थेतील पहिल्या महिला संशोधक झाल्या आणि नंतर कोलारच्या प्रयोगांतही सहभागी झाल्या. १९९१ साली त्या निवर्तल्या. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव देण्यात आले.

आपल्या दारात

लायगोचा विषय गुरुत्वीय लहरींचा असला तरी विश्वकिरण तेथेही सुटत नाहीत. अमेरिकेतील हॅनफर्डच्या लायगो वेधशाळेत विश्वकिरण मोजणारे उपकरण ठेवलेले आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर नोंदली गेली, तेव्हा हा परिणाम एखाद्या कणवर्षावाचा तर नाही ना, हेही पडताळण्यात आले. आपल्याला हवे ते दिसले की लगेच त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आधी इतर सर्व कारणे तपासायची, ही शिस्त आमच्या मते कोणत्याही यंत्राहून मोलाची आहे.

त्या मुलाला आता आमचे उत्तर असे आहे. बाळ, असल्या कामात आपल्यासारख्यांचे काम आरंभापासून होते. ते जमिनीखाली होते आणि त्याची नोंद झाली नाही. दुधाळ्याचा पाया खणला जाईल तेव्हाही कोणाचे तरी हात राबतील. त्यांचा मान राखावा. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये. ८ मीटर आणि १३ नॅनोसेकंदांचे गणित ज्याला वसतिगृहाच्या खोलीत बसून सुटते, त्याला निबंधावर नाव घालण्याचा मार्ग मोकळा आहे. त्यासाठी गणित आणि इंग्रजी यांचा कंटाळा सोडावा लागेल. आपल्या तळहातातून या क्षणीही मिनिटाला सुमारे शंभर म्युऑन जात आहेत. ते कोणाची जात विचारीत नाहीत. ते मोजण्याची विद्याही कोणा एका जातीची नाही. ती मिळविणे हे तुमचे काम, आणि तुम्हाला तिच्यापर्यंत पोहोचविणे हे आम्हा शिक्षकांचे.