गॅरेज बांधताय? मुलांना मिस्त्रींच्या हाताखाली द्या



पावसाआधी काम उरकायचं म्हणून आपल्या कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये बांधकामांची घाई असते. कुणाचा वरचा मजला, तर कुणाचं गाडीसाठी घराशेजारी गॅरेज. नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी असते. पण मिस्त्री कामावर आले की आपण मुलांना क्लासला तरी पाठवतो, नाहीतर ‘तिकडं जाऊ नको, कपडे खराब होतील’ म्हणून आत बसवतो. मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, असं करू नका. मुलगा असो वा मुलगी, त्यांना त्या कामात सामील करून घ्या.

सुरुवात आखणीपासून करा. समजा, गॅरेज १० बाय १८ फुटांचं आहे. फक्की टाकण्याआधी मिस्त्री कोपरा तपासतात. एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आला. मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सुमारे २० फूट ७ इंच भरले पाहिजेत. पायथागोरसचा सिद्धांत मुलांनी वहीत सोडवलेला असतोच. इथं तो चुकला तर शेवटी छताचे पत्रे तिरके बसतात, हे त्यांना टेप हातात धरल्यावर कळतं.

पुढचा प्रश्न जोत्याच्या उंचीचा, कारण ते पुराच्या पाण्यावर राहायला हवं. राजाराम बंधाऱ्यावर नदीचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे आपली मुलं दर पावसाळ्यात ऐकतात. २०१९ आणि २०२१ चा पूर त्यांच्या घरात बोलला जातो. तुमच्या भागात पाणी आलं असेल, तर भिंतीवरची पुराची खूण त्यांना दाखवा. पारदर्शक नळीत पाणी भरून, आतला हवेचा बुडबुडा काढून, ती पातळी नव्या जागेवर कशी आणायची हे मिस्त्री शिकवतील. जोतं उंच घेतलं की गाडी चढवायला उतार लांब लागतो. एका फुटाला आठ फूट धरले तर दीड फुटाला बारा फूट. तेवढी जागा आहे का? नसेल तर काय करायचं? हा हिशेब मुलांनाच करू द्या आणि त्यांचं म्हणणं मनापासून ऐका.

भिंत उभी राहिली की पाणी मारायचं काम त्यांच्यावर सोपवा. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. म्हणून निदान ७ ते १० दिवस भिंत ओली राहिली पाहिजे. एका दिवसाचा कंटाळाही भिंतीला भोवतो. सांगूनही न येणारी जबाबदारी अशा कामातून अंगात मुरते.

मर्यादा मात्र कडक पाळा. मजूर वाचवायला मुलांना जुंपायचं नाही. ती शिकायला आली आहेत. ओल्या सिमेंटनं कातडी भाजते, म्हणून हातमोजे आणि बूट हवेतच. कटर, विजेचं काम, परांची आणि पायाचा खोल खड्डा यांच्या जवळ त्यांना फिरकू द्यायचं नाही. मिस्त्रींशी आधी बोला. शिकवण्यात त्यांचा वेळ जातो, त्याचे पैसे वेगळे द्या. मुलांनी त्यांना ‘अहो काका’ म्हणावं, दुपारी जेवायला बोलवावं. हातानं काम करणाऱ्या माणसाचा मान राखायला मूल आधी घरातच शिकतं.

‘आम्हाला काय मुलाला गवंडी करायचंय?’ असं तुमच्या मनात येईल. गवंडी होण्यात कमीपणा नाही. आयटीआयमध्ये या कामाचं रीतसर शिक्षण मिळतं. आणि तो डॉक्टर झाला, तरी हे शिकलेलं वाया जात नाही. आपल्याच बाबूराव पेंटरांनी वडिलांच्या हाताखाली हस्तकौशल्य आत्मसात केलं आणि पुढं कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला. आपल्या जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणत श्रम आणि शिक्षण एकत्र आणलं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं बांधकाम, सुतारकाम, वेल्डिंग प्रत्यक्ष करत शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायला. शाळेत ते होईल तेव्हा होईल. तुमच्या अंगणात ते या सुट्टीत होऊ शकतं.

मुलांचं बोट चेचेल, रेघ वाकडी येईल, एखादी वीट पुन्हा काढून लावावी लागेल. तेव्हा त्यांच्या हातातून थापी काढून घेऊ नका. मिस्त्रींना दुरुस्ती दाखवू द्या. कामाला एखादा दिवस जास्त लागला तरी चालेल. चुकलेलं आपल्या हातांनी नीट करता येतं, हा विश्वास मुलांना दुसरं कुणी आणून देणार नाही. तेव्हा कुदळ मारायचा दिवस ठरवताना क्लासचं वेळापत्रक बाजूला ठेवा आणि पहिला टेप मुलांच्या हाती द्या.