मागी लोकांचा धर्म



नाताळात गव्हाणीपुढे आपण तीन राजांच्या मूर्ती ठेवतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र ते राजे नाहीत आणि त्यांची संख्याही दिलेली नाही. तेथे शब्द आहे 'मागी'. मागी हा प्राचीन इराणातील पुरोहितांचा वर्ग. आजच्या पारशी पुरोहिताला 'मोबेद' म्हणतात, तो शब्दही त्यातूनच आला.

'पारशी अग्निपूजक' असे आपण सहज बोलून जातो. हे योग्य नाही. त्यांचा प्रेषित जरथुष्ट्र याने अहुरा मज्दाची, म्हणजे ज्ञानी प्रभूची, उपासना शिकवली. त्याच्या १७ गाथांची भाषा ऋग्वेदाला फार जवळची आहे. आपल्याकडचा यज्ञ तो तिकडे यस्न, सोम तो हओम. गंमत अशी की 'देव' हा शब्द तिकडे दुष्ट शक्तींना लावतात, आणि 'असुर' मात्र 'अहुर' होऊन परमेश्वराच्या नावात जाऊन बसला! अग्नी ही सत्याची व पावित्र्याची खूण. आपल्याकडेही परमप्रसादाच्या पेटीजवळ दिवा तेवत असतो. त्या दिव्याची पूजा आपण करीत नाही. अर्थात ही तुलना फार ताणू नये. विधिपूर्वक स्थापन केलेल्या अग्नीविषयी त्यांची भक्ती कितीतरी खोल आहे. उदवाड्याचा 'इराणशाह' १७४२ पासून तेथे अखंड जळत आहे.

पवित्र शास्त्रातही इराण वारंवार भेटतो. ख्रिस्तपूर्व ५३९ मध्ये कोरेश राजाने बाबेल जिंकले आणि बंदिवान यहुद्यांना मायदेशी जाण्याची मुभा दिली. यशयाच्या ४५ व्या अध्यायात या परक्या राजाला चक्क परमेश्वराचा 'अभिषिक्त' म्हटले आहे. कोरेशच्या बाबेलमधील मातीच्या लेखात मार्दुक देवाची स्तुती आहे, म्हणून त्याला सरळ जरथुष्ट्राचा अनुयायी म्हणता येत नाही. दारयावेशाचे तसे नाही. बेहिस्तूनच्या कड्यावरील लेखात तो आपले राज्य अहुरा मज्दाच्या कृपेने मिळाल्याचे पुनःपुन्हा सांगतो, आणि बंडखोरांवर त्याचा मोठा आरोप कोणता? ते खोटे बोलले! हेरोडोटस लिहितो की इराणी लोक मुलांना तीनच गोष्टी शिकवीत: घोड्यावर बसणे, बाण मारणे आणि खरे बोलणे.

आता कठीण प्रश्न. जगात दुष्टाई आली कोठून? नंतरच्या जरथुष्ट्री ग्रंथांचे उत्तर सरळ आहे. अहरिमन हा आरंभापासूनच देवाचा शत्रू. देवाने त्याला निर्मिले नाही, म्हणून दुःख, रोग, मरण यांचा दोष देवाकडे जात नाही. पृथ्वी, पाणी, शरीर हे सारे देवाचे व चांगले. तिसऱ्या शतकात मानी याने हे द्वैत पार टोकाला नेले आणि जडसृष्टीच वाईट ठरवली. इराणच्या राजाने त्याला तुरुंगात टाकले, तेथेच तो मेला. पुढे संत ऑगस्टिन नऊ वर्षे मानीच्या पंथात होते. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी मांडले की दुष्टाई ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगल्याचा अभाव आहे; अंधार म्हणजे प्रकाश नसणे, तसे. ख्रिस्तसभेची शिकवण हीच, आणि तर्काला ती पटते. पण लेकरू गमावलेल्या आईला 'हा अभाव आहे' असे सांगायला आमची जीभ रेटत नाही. तिच्या दुःखाला समोर उभा असलेला खराखुरा शत्रू दिसतो, आणि जरथुष्ट्राचे अनुयायी तिचे म्हणणे आपल्यापेक्षा लवकर समजतील, असे आम्हाला वाटते.

त्या शत्रूशी त्यांचा लढा रोजचा आहे. आपल्या कोल्हापूरकडे कुस्ती म्हटले की तालीम आणि लाल माती आठवते. पारशांची 'कुस्ती' म्हणजे ७२ धाग्यांची लोकरीची दोरी. नवजोत विधीत ती मुलामुलींना प्रथम बांधतात, कमरेभोवती तीन वेढे देऊन. प्रार्थनेच्या वेळी ती सोडतात, अहरिमनाला हाकलण्यासाठी झटकतात आणि पुन्हा बांधतात. भारतात २०११ च्या जनगणनेत ५७,२६४ पारशी होते.