पोरांना फिल्म-फोटोग्राफी शिकवायची? आधी उसाच्या टनात हिशेब मांडा



हंगाम संपून उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की मुलांच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. कृषी, इंजिनिअरिंग, नर्सिंग यांच्या जोडीला अलीकडे एक नवा प्रश्न आमच्याकडे येतो : "पोरगी फिल्म आणि फोटोग्राफीची डिग्री घ्यायची म्हणते. पाठवू का नको?" एक सभासद तर खाजगी संस्थेचे माहितीपत्रक आणि सातबारा, दोन्ही घेऊनच आले. त्यांच्याशी जे बोलणे झाले, ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

धंदा खोटा नाही

"फोटो काढायला डिग्री कशाला?" असे म्हणून मुलांना गप्प करू नये. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास गेली. तिच्याच जागेत १९६० साली सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेव्हा ही विद्या आपल्या भागाला परकी नाही. आज लग्नकार्य, जाहिरात, मालिका, बातम्या, सिनेमा अशा सगळीकडे कॅमेरा, संकलन आणि ध्वनिमुद्रण जाणणारी माणसे लागतात.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या धंद्यात पगारी नोकऱ्या थोड्या. बहुतेकांना पैसे मिळतात ते रोजावर किंवा कामावर. सुरुवातीची काही वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढावी लागतात. काम देणारा प्रमाणपत्र क्वचितच पाहतो. आधी काय केले आहे ते दाखवा म्हणतो. चांगल्या संस्थेत सराव होतो, गुरू भेटतो आणि पुढे एकमेकांना कामाला बोलावणारे सोबती मिळतात. फी द्यायची ती याची.

हिशेब

समजा, खाजगी संस्थेची तीन वर्षांची फी, शहरातली खोली, जेवण आणि साहित्य मिळून १५ लाख रुपये लागले. ५ लाख घरचे, १० लाख कर्ज. दसादशे १० टक्के व्याज आणि दहा वर्षांची फेड धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० रुपये. वर्षाला सुमारे १,५८,५०० रुपये. शिक्षण चालू असताना व्याज भरले नाही, तर ते मुद्दलात मिळून हप्ता आणखी वाढतो.

आता टनात पाहू. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,५०० रुपये हाती येतात असे धरले, तर हप्त्यासाठी दरवर्षी ६३ टन ऊस लागेल. एकरी ४० टन पिकत असेल, तर दीड एकराहून जास्त उसाचे सगळे बिल गेले. खत, पाणी, मशागत त्यातून अजून वजा व्हायची आहे! आपापले आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने घरी करावा.

खरी अडचण पुढेच आहे. कॅमेऱ्यावर काम करणाऱ्याला पैसे मिळतात काम लागेल तेव्हा, हप्ता मात्र दर महिन्याच्या तारखेला. म्हणून पुष्कळदा असे होते, की हाताखाली शिकण्याच्या वर्षांतच हप्ता मागे लागतो आणि मूल मिळेल ती दुसरी नोकरी धरते. डिग्री राहते, धंदा सुटतो. तेव्हा सगळा पैसा फीत घालू नये. शिक्षणानंतर दोन वर्षे शहरात तग धरता येईल एवढी तरतूद आधीच बाजूला ठेवावी. बसत नसेल, तर ती संस्था आपल्यासाठी महाग आहे असे समजावे.

कमी खर्चाची वाट

पुण्याच्या सरकारी संस्थेत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन व ध्वनी यांचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांना आधी कोणत्याही विषयाची पदवी लागते. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजात बी.ए., बी.एस्सी. करीत तयारी करता येते. फी खाजगीच्या मानाने पुष्कळ कमी. पण जागा थोड्या आणि प्रवेश परीक्षा कठीण. कलकत्त्याची सत्यजित राय संस्थाही सरकारीच आहे.

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट नगरला शिकत असतानाच केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री', 'सैराट' पुढचे. मात्र एक ऊस उंच गेला म्हणून सगळा फड तसा येत नाही, हेही विसरू नये.

प्रवेशापूर्वी विचारा

१) पदवी कोणत्या विद्यापीठाची? त्याला मान्यता आहे का?

२) मागील तीन वर्षांचे विद्यार्थी आज काय करतात? संस्थेने सांगितलेले ऐकून थांबू नका, दोघा-चौघांना स्वतः भेटा.

३) किती मुलांत किती कॅमेरे? विद्यार्थ्याच्या फिल्मचा खर्च कोणाचा?

४) मध्येच सोडल्यास किती फी परत मिळते?

५) कर्ज किती लागेल? सर्वसाधारण शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या पुढे बँका मालमत्तेचे तारण मागतात.

आणि महागडा कॅमेरा लगेच घेऊ नका. वर्षातून चार दिवस चालणाऱ्या नांगरटीसाठी कोणी ट्रॅक्टर घेतो का? कॅमेराही दिवसावर भाड्याने मिळतो.

त्या सभासदांनी शेवटी विचारले, "मग पोरीला नाही म्हणू का?" आम्ही म्हणालो, "नाही म्हणू नका. या कागदावर आज सही तेवढी करू नका." मुलगी आता तालुक्यालाच बी.ए.ला जाते. सुट्टीत एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे काम करते, रोज थोडा मिळतो. आवड टिकली तर ती दोन वर्षांनी पुण्याच्या परीक्षेला बसेल. तोवर सातबारा कपाटात आहे.